सांडपाण्याचा बांध आणि गावाची कावीळ

आपल्या घरचे सांडपाणी शेवटी जाते कुठे, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. मोरीतून गटारात आणि गटारातून नाल्यात गेले की आपला संबंध संपला, अशी समजूत असते. पण कित्येक लहान शहरांत हे पाणी वस्तीच्या खालच्या अंगाला मातीचे बांध घालून केलेल्या तळ्यांत अडवतात. अभियंते त्यास ‘ऑक्सिडेशन पाँड’ म्हणतात. लोक घाण तळे म्हणून नाकाला रुमाल लावून पुढे जातात. डॉक्टरने बांधबंदिस्तीवर का लिहावे, असे काही वाचकांना वाटेल. कारण सरळ आहे. तो बांध फुटला तर जे वाहत येते, ते काही दिवसांनी आमच्या दवाखान्यात येते.

या तळ्याचे काम मोठे गमतीचे आहे. त्याला ना यंत्र लागते, ना वीज. पाणी जेमतेम एक-दीड मीटर खोल ठेवतात. उन्हात शेवाळ प्राणवायू सोडते, त्यावर जिवाणू जगतात आणि घाण खाऊन टाकतात. जंतांची अंडी तळाशी बसतात. म्हणून तळ्याचे पाणी हिरवे दिसले तर ते चांगले लक्षण समजावे. ते काळे पडले व कुजक्या अंड्यांसारखी दुर्गंधी सुटली, तर तळ्याला झेपत नाही एवढी घाण येत आहे किंवा तळाशी गाळ फार साचला आहे. गाळ वेळेवर काढला नाही की पाणी राहायला जागा उरत नाही, पातळी वर चढते. पाण्याची पातळी आणि बांधाचा माथा यांत निदान अर्धा मीटर अंतर हवे. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले की तो काही तासांतही कापला जातो. म्हणून जादा पाण्याची वाट, म्हणजे सांडवा, पावसाळ्यापूर्वी झाडझुडूप आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या काढून मोकळा केलाच पाहिजे.

रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले. ते गोड्या पाण्याचे होते, पण बांध मातीचाच. वीसच्या आसपास माणसे गेली. खेकड्यांनी धरण पोखरले, असे त्या वेळी एका मंत्रिमहोदयांनी सांगितले आणि राज्यभर त्याची टिंगल झाली. माझे मत असे, की निगा राखलेला बांध खेकडे फोडत नाहीत. पण बिळे दिसत असताना ती बुजवली नाहीत, तर दोष खेकड्यांचा नव्हे. घुशी आणि उंदीर हेच करतात. बांधावर वाढलेली बाभळी-सुबाभळीची झाडेही तशीच. मूळ मेले व कुजले की त्या जागी पाण्याला आयती नळी मिळते. बांधावर हराळी शोभते, झाड नव्हे. म्हशींची रोजची पायवाटही तेथे नको.

बांधाच्या बाहेरच्या पायथ्याशी पाझर दिसला तर तो नीट पाहावा. पाणी नितळ असेल तर नोंद करून रोज लक्ष ठेवावे. गढूळ असेल तर बांधातली माती वाहून जात आहे असे समजून त्याच दिवशी नगरपालिकेला कळवावे. पुष्कळदा उत्साही मंडळी बाहेरून सिमेंट किंवा चिकणमाती थापून तो पाझर बंद करतात. हा उपाय घातक आहे. आत दाब वाढतो व पाणी दुसरीकडून फोडून निघते. त्यावर वाळू आणि खडी यांचे थर घालतात, म्हणजे पाणी जाते पण माती अडते. अर्थात हे काम अभियंत्याच्या देखरेखीखालीच व्हावे.

आता माझ्या विषयाकडे येतो. बांध फुटला, की खालच्या विहिरी आणि नळाच्या गळक्या जोडण्या प्रथम दूषित होतात. आपल्याकडे नळाला दिवसातून थोडाच वेळ पाणी असते. ते बंद झाले की नळातला दाब नाहीसा होतो आणि भोवतालची घाण फटीतून आत शिरते. पटकी काही तासांपासून पाच दिवसांत दिसते, विषमज्वर एक ते तीन आठवड्यांत. कावीळ मात्र फसवी. तिचे रोगी बहुधा महिनाभराने, कधी त्याहूनही उशिरा येतात. तोवर चिखल वाळलेला असतो आणि लोक पाणी उकळायचे थांबलेले असतात. गरोदर स्त्रीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ‘ई’ प्रकारची कावीळ झाली तर जिवावर बेतू शकते. अशा घरात दोन महिने तरी उकळलेलेच पाणी द्यावे, हे मी आग्रहाने सांगतो. जुलाब सुरू होताच जलसंजीवनी द्यावी. डॉक्टरची वाट पाहत बसू नये.

घाण शिरलेली विहीर उपसल्याखेरीज वापरू नये. नंतर ब्लीचिंग पावडर टाकून तासाभराने पाण्यात दर लिटरला 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आहे की नाही, हे आरोग्य कर्मचाऱ्याकडून तपासून घ्यावे. उघड्यावर ठेवलेली जुनी पावडर निकामी झालेली असते. चिखल काढणाऱ्यांनी गमबूट घालावेत. पायाला जखम असेल तर लेप्टोचा धोका असतो. काम केल्यावर ताप आला तर डॉक्टरला ‘मी त्या पाण्यात होतो’ हे आवर्जून सांगावे.

डासांचेही थोडे सांगितले पाहिजे. हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास घाण पाण्यातच वाढतो. काठाचे गवत आणि जलपर्णी काढली तर त्याला आसरा राहत नाही.

एक सूचना विशेषतः कामगारांसाठी. तळ्याच्या पाइपच्या बंदिस्त चेंबरमध्ये कोणीही उतरू नये. तेथील विषारी वायूचा वास सुरुवातीला येतो. प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास गेला असे वाटते, त्याच वेळी माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा धावत उतरतो आणि तोही पडतो. अशा वेळी वरूनच अग्निशामक दलाला बोलवावे.