‘अनयूज्वली’ वापरताना

इंग्रजी अहवालात किंवा बातमीत ‘अनयूज्वली’ लिहिण्याआधी नेहमीचं प्रमाण काय आहे, ते शोधा. ते ठाऊक नसेल तर हा शब्द लिहू नका. हवामान खातं एखाद्या जिल्ह्यातला मोसमी पाऊस दीर्घकालीन सरासरीपेक्षा 19 टक्क्यांपर्यंत कमी-जास्त असला तरी तो ‘नॉर्मल’मध्येच धरतं. मग तालुक्यात 12 टक्के जास्त पडला, म्हणून ‘अनयूज्वली हेवी’ कसं म्हणायचं? आणि 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, तिथे हा शब्द तोकडाच पडतो. तिथे ‘एक्सेप्शनली’ हवं.

प्रमाण कळलं की शब्द जागेवर बसवा. साधारणपणे तो विशेषणाला चिकटून, त्याच्या आधी येतो : ‘अ‍ॅन अनयूज्वली हॉट डे’. उच्चार ‘अ’ने सुरू होतो म्हणून आधी ‘अ‍ॅन’. स्पेलिंगमध्ये शेवटच्या ‘वाय’आधी दोन ‘एल’ आहेत. एक हमखास गळतो.

आता स्वल्पविराम. इथे घाई नको. ‘अनयूज्वली हेवी रेन फेल इन मार्च’ म्हणजे मार्चमध्ये पडलेला पाऊस नेहमीपेक्षा जोरदार होता. याच वाक्यात पहिल्या शब्दानंतर स्वल्पविराम द्या. आता मार्चमध्ये जोरदार पाऊस पडला हीच नवलाची गोष्ट ठरते. शब्द तेच, बातमी वेगळी. आपल्याला कोणती द्यायची आहे ते ठरवा आणि वाक्य मोठ्याने वाचून पाहा. पहिल्या शब्दानंतर थांबावंसं वाटलं, तर तिथे स्वल्पविराम हवा.

माणसाबद्दल लिहिताना ‘ही अनयूज्वली केम लेट’ टाळा. ‘अनयूज्वली फॉर हिम, ही केम लेट’ लिहिलं की तो एरवी वेळेवर येतो, हेही वाचकाला कळतं.

‘अ‍ॅबनॉर्मली’ मात्र जपून वापरा. रक्तातली साखर ‘अ‍ॅबनॉर्मली हाय’ असू शकते, कारण तिथे तपासणीची मर्यादा ठरलेली असते आणि शब्दात बिघाडाची सूचना असते. ही सूचना माणसाला लावू नये. प्रगतिपुस्तकात इंग्रजी शेरे लिहिणाऱ्या शिक्षकांना म्हणूनच कळकळीची विनंती : वर्गात गप्प बसणाऱ्या मुलाला ‘अ‍ॅबनॉर्मली क्वाएट’ लिहू नका. तो पूर्वी बोलका होता आणि हल्लीच गप्प झाला असेल, तर ‘अनयूज्वली क्वाएट धिस टर्म’ लिहा आणि आईवडिलांना भेटायला बोलवा.