उपचाराला नकार : हक्क कोणाचा आणि कुठपर्यंत?

पाड्यांवर काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांकडून एक प्रश्न वारंवार येतो. देवाचे कारण सांगून कोणी उपचार नाकारला, तर आपण काय करावे? या अंकात त्याचा अभ्यास करू. सुरुवात माझ्या चुकीपासून करते.

काही वर्षांपूर्वी मधुमेहामुळे एका आजींच्या पायाची बोटे काळी पडली. पाय घोट्यावरून काढावा लागेल, असे डॉक्टर म्हणाले. आजींनी साफ नकार दिला. "देवानं धड अंग दिलं, त्याला धडच परत देईन." समजावून मी थकले. शेवटी डॉक्टरांना म्हणाले, "फक्त जखम साफ करायची आहे असे सांगून अंगठा घेऊ या." ते म्हणाले, "ताई, ही सेवा नाही, फसवणूक आहे."

कायदाही तेच सांगतो. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले की, रुग्णाला पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी संमती. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने 'कॉमन कॉज' खटल्यात मान्य केले की, सज्ञान व भानावर असलेल्या व्यक्तीला उपचार नाकारण्याचा हक्क आहे, मग त्यात जीव गेला तरी. हा हक्क घटनेच्या कलम २१ मधून येतो. यहोवाचे साक्षीदार या पंथाचे लोक दुसऱ्याचे रक्त घेत नाहीत. त्यांच्यातील सज्ञान रुग्णालाही हेच तत्त्व लागू होते.

आजी घरी परतल्या. नकार उपचाराला होता, आम्हाला नव्हता. म्हणून आम्ही रोज मलमपट्टीला जात राहिलो. तीन महिन्यांनी त्या गेल्या. मला वाईट वाटले, पण त्यांच्याशी खोटे बोलले नाही याचे समाधान आहे.

पुढच्याच पावसाळ्यात त्याच पाड्यावर जमिनीवर झोपलेल्या सात वर्षांच्या मुलाला मण्यार चावली. मण्यारीच्या दंशाला सूज किंवा वेदना फारशी नसते, त्यामुळे घरचे गाफील राहतात. पहाटे मुलाच्या पापण्या मिटू लागल्या. आजोबा म्हणाले, "भगताकडेच न्यायचं. आमचा देव, आमचा पोरगा."

इथे मात्र मी हटून बसले. आजींनी स्वतःच्या देहाचा निर्णय स्वतः घेतला होता. या मुलाने काहीच ठरवले नव्हते. पालकांचा अधिकार मुलाच्या हितासाठी असतो. आपल्या श्रद्धेपायी त्याचा जीव धोक्यात घालण्यासाठी नव्हे. शिवाय महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडादोरा करणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि दंड.

पण त्या पहाटे मी कायद्याचे नाव काढले नाही. भगतबाबांना हात जोडले, "बाबा, तुम्हीही गाडीत बसा. तुमची प्रार्थना वाटेत चालू द्या." ते बसले. त्यांना पाहून आजोबाही बसले. रुग्णालयात सर्पविषावरची लस मिळाली, मुलाचा श्वास सावरला. आज भगतबाबा साप चावलेल्या माणसाला स्वतः आमच्याकडे पाठवतात.

कार्यकर्त्यांनो, असा प्रसंग आला की तीन प्रश्न विचारा. नकार देणारा सज्ञान आणि भानावर आहे का? त्याला त्याच्या भाषेत सगळे खरे सांगितले आहे का? तो स्वतःच्याच जिवाबद्दल बोलतो आहे, की दुसऱ्याच्या? तिन्ही उत्तरे नीट असतील, तर नकाराचा मान राखा आणि सोबत सोडू नका. जीव मुलाचा असेल, तर वेळ दवडू नका.

पुढील बैठकीला येताना आपापल्या पाड्यावरचा असा एक प्रसंग आठवून या.