प्लगइन टाकतेयस? थांब जरा

हे बघ बाय, खोपोलीच्या तुझ्या ऑफिसात चॅटला पिजिन चालतं. त्यात स्क्रीन दाखवायची सोय नाही, म्हणून कुणीतरी पेन ड्राइव्हवर प्लगइनची एक डीएलएल फाइल आणून दिली. "ताई, टाकू का?" विचारतेस. टाकायला काय, एक मिनिट लागतं. डॉट-पर्पल फोल्डरातल्या प्लगइन्समध्ये फाइल ठेवायची, पिजिन बंद करून उघडायचं, टूल्समध्ये जाऊन टिक करायची. झालं! एवढं सोपं आहे म्हणूनच मला धास्ती वाटते.

2024 मध्ये काय झालं ते ऐक. पिजिनच्या स्वतःच्या साइटवर बाहेरच्यांनी केलेल्या प्लगइनची यादी असते. 6 जुलैला त्या यादीत एसएस-ओटीआर नावाचं एक प्लगइन चढलं. काम काय, तर सुरक्षितपणे स्क्रीन शेअर करणं, म्हणजे अगदी तुला हवं तेच! 16 ऑगस्टला एकाने कळवलं की हे तर दाबलेली प्रत्येक कळ टिपतंय आणि स्क्रीनचे फोटो बाहेर पाठवतंय. पिजिनवाल्यांनी ते काढून टाकलं, तपासलं, तर तक्रार खरी. त्याचा सोर्स कोड कुठे दिलेलाच नव्हता, नुसती तयार फाइल होती, आणि यादीत घेताना ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आता मुक्त परवाना असलेल्या प्लगइनचीच नावं यादीत घ्यायची, असा नियम त्यांनी केलाय. उशिरा का होईना.

"पण ताई, मेसेज एन्क्रिप्ट होतात ना?" होतात गं, पण वाटेत. तू टाइप करतेस तेव्हा अक्षरं उघडीच असतात. घाटासाठी कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिनं जोडतात ना, तसं प्लगइन जोडलं की अख्खी गाडी त्याच्या रेट्यात. पिजिन जे जे वाचू शकतं, ते सगळं त्यालाही वाचता येतं. आणि 'पासवर्ड लक्षात ठेव' वर टिक केली असशील तर पिजिन तो अकाउंट्स नावाच्या फाइलमध्ये साध्या अक्षरांत लिहून ठेवतं. कुणी लपवलेली गोष्ट नाही ही, पिजिनवालेच उघड सांगतात. ती टिक आजच काढ.

मी सगळ्याच प्लगइनच्या नावाने बोटं मोडत नाही हं. घरच्या उबुंटूवर मेसेज एन्क्रिप्ट करणारं ओटीआर प्लगइन हवं असेल तर उबुंटूच्या भांडारातून खुशाल घे. विंडोजवर मात्र आधी सोर्स कुठाय ते बघ, कुणी आणि कधी बदललाय ते बघ, आणि ऑफिसच्या मशीनवर आयटीवाल्याला विचारल्याशिवाय काही टाकू नकोस. दुखावेल पेन ड्राइव्हवाला, दुखावू दे.

आणि खरं सांग, त्या पेन ड्राइव्हवरच्या प्लगइनला टिक करून बसली नाहीस ना? बसली असशील तर नुसती टिक काढून भागायचं नाही. नेटची वायर काढ, आयटीवाल्याला बोलाव, आणि पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या मशीनवरून, बँकेचा सगळ्यात आधी.