कंपवात आणि चालण्याचा सराव



पाय फरफटतात, पावले आखूड पडतात, उंबऱ्याशी येताच पाय जमिनीला चिकटतात. ‘वय झालं’ म्हणून आपण सोडून देतो. पण हा कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार, असू शकतो. आम्ही उसाची माणसं, डॉक्टर नव्हे. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवावे. या आजारात मेंदूतले डोपामिन कमी पडते आणि आपसूक पडणारे पाऊल अडते.

ट्रेडमिलचा फिरता पट्टा पावलाला बाहेरून ताल देतो. २०१५ साली १८ चाचण्यांतील ६३३ रुग्णांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात चालण्याचा वेग व पावलाची लांबी वाढलेली दिसली. चालून होणारे अंतर मात्र वाढले नाही.

डहाणू-तलासरीच्या पाड्यावर हे यंत्र कुठून आणणार? पण ताल घरीही देता येतो. डॉक्टरांना विचारून, सपाट खळ्यावर एकेका पावलाच्या अंतराने चुन्याच्या आडव्या रेघा ओढाव्यात. रेघ ओलांडत चालावे; सोबत्याने टाळी वाजवावी. सोबती शेजारी हवाच, पण त्याने हात धरून ओढू नये. पाय अडला तर थांबून, वजन एका पायावर घेऊन दुसरा उचलावा. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

उसाला पाण्याची पाळी आपण चुकवत नाही. तसाच चालण्याचा नेम चुकवू नये.