काचेत आहे तेवढंच

सुभानपुरा, बडोदे

चि. बाळ,

आजोबांच्या स्टुडिओतल्या काचेच्या निगेटिव्ह स्कॅन करायला घेतल्यास, फार बरं केलंस. पण दादा फोनवर म्हणाला, तू प्रत्येक काच 6400 पीपीआयवर (इंचामागे तेवढे पिक्सेल) लावतोस आणि लॅपटॉप अडकला की वैतागतोस. म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी हिशेब मांड. हाफ प्लेट काच पावणेपाच बाय साडेसहा इंचांची. 2400 पीपीआयला तिचे 11,400 गुणिले 15,600, म्हणजे जवळजवळ पावणेअठरा कोटी पिक्सेल होतात. 16 बिटच्या कृष्णधवल टिफमध्ये ही फाइल साधारण 356 एमबीची. तीच 6400 ला अडीच जीबी ओलांडते. फाइल सातपट झाली, पण चित्र सातपट झालं का? तुझ्या एप्सन व्ही850 च्या खोक्यावर 6400 छापलंय खरं. चाचणीपट्टी ठेवून मोजणाऱ्यांना मात्र अशा स्कॅनरवर 2300 ते 2600 च्या पलीकडचा तपशील सहसा सापडत नाही. पुढचे पिक्सेल येतात, त्यांत नवं काही येत नाही.

शिवाय काचेत तरी किती आहे? लेन्सचं छिद्र बारीक करत गेलं की प्रकाश पसरतो. एफ 32 ला उत्तम लेन्सही मिलिमीटरमागे पन्नासेक रेषाजोड्यांपाशी हात टेकते. 2400 पीपीआयमध्ये मिलिमीटरला 94 नमुने पडतात. एका जोडीला दोन नमुने धरले तर 47 जोड्या. म्हणजे गणित इथेच मिटतं. त्यातून आजोबांची बरीच कामं व्यक्तिचित्रांची. अर्धा-अर्धा सेकंद श्वास रोखून बसलेला माणूस थोडा हलणारच. त्या हललेल्या नाकाला तू 6400 ने धार आणू शकणार नाहीस.

आणि पेन्सिलीचं विसरू नकोस. स्टुडिओत प्रत्येक चेहऱ्यावर रिटचिंग व्हायचं. इमल्शनवर औषध चोळून, टोकदार पेन्सिलीने सुरकुत्या, देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं भरून काढायची. कॉन्टॅक्ट प्रिंटमध्ये ते दिसू नये अशाच बेताने केलेलं असायचं. तू मोठं करून पाहिलंस की गालभर बारीक रेघोट्या दिसतील. त्या पुसायच्या भानगडीत पडू नकोस. तो आजोबांचा हात आहे. साध्या व्यक्तिचित्राला मी तर 1200 च देईन. 300 च्या हिशेबाने त्यातून 19 बाय 26 इंचांचा प्रिंट निघतो. एवढा मोठा आजोबा कोणाच्या दिवाणखान्यात मावणार आहे?

2400 राखून ठेव ते लग्नातल्या, शाळेतल्या मोठ्या ग्रुपफोटोंसाठी आणि शहराच्या चित्रांसाठी. न्यायमंदिर, सूरसागरचा काठ, रावपुऱ्यातली दुकानं. तिथे मागच्या रांगेतला चेहरा ओळखायचा असतो, पाटीवरची अक्षरं वाचायची असतात, दुकानाच्या नावावरून फोटोचं साल काढायचं असतं. दादासाहेब फाळके इथल्या कलाभवनात फोटोग्राफी शिकले आणि सिनेमाच्या आधी गोध्र्यात फोटोस्टुडिओ चालवायचे, तो जमाना याच काचांचा. त्या काळच्या गुजरातेतल्या मराठी घरांबद्दल आपल्याला जे कळायचं, ते अशा कोपऱ्यांतूनच कळेल.

माझ्या शब्दावर जाऊ नकोस, स्वतः पाहा. एकाच काचेचा बारीक तपशिलाचा तुकडा घे, पाटी किंवा लुगड्याचा काठ. तो 1200, 2400 आणि 4800 ला स्कॅन कर. तिन्ही तुकडे पडद्यावर सारख्याच मापाचे करून शेजारी ठेव. ज्या आकड्यानंतर नवीन काही दिसायचं थांबलं, तिथे थांब. मात्र स्कॅनरमधलं शार्पनिंग आधी बंद कर. ते कडांना खोटी धार आणतं आणि मग परीक्षाच फसते.

खरं सांगायचं तर आकड्याची चिंता तू गरजेपेक्षा जास्त करतोस आणि पुढच्या गोष्टींची कमी. 8 बिटमध्ये राखाडीच्या 256 पायऱ्या, 16 बिटमध्ये 65,536. पांढऱ्या शालूच्या घड्या आणि काळ्या कोटाची कॉलर एकाच काचेत आहेत. त्या उचलायच्या तर 16 बिटच हवं. ऑटो एक्स्पोजरवर विसंबू नकोस, काळ्या आणि पांढऱ्या अशा दोन्ही टोकांना थोडी जागा मोकळी सोड. काच फक्त कडेने धर. धूळ मऊ कुंचल्याने किंवा हवेच्या फुग्याने काढ. इमल्शनला पाणी नाही, कापड नाही. मंद, चमक नसलेली बाजू इमल्शनची. ती खाली कर, पण स्कॅनरच्या काचेला टेकू देऊ नकोस: चरे पडतात, आणि काचेवर काच टेकली की न्यूटनची कडी उमटतात. कडांखाली जाड कागदाच्या पट्ट्या ठेव आणि त्यांची जाडी बदलत फोकस कुठे नीट बसतो ते बघ. याने जो फरक पडेल तो 4800 ने पडणार नाही.

डब्यात फिल्मच्याही निगेटिव्ह आहेत. आंबूस, व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या आधी घे. ती ॲसिटेट फिल्म असते, आक्रसत जाते आणि परत सरळ होत नाही. पिवळी, चिकट, कडेला ‘सेफ्टी’ न लिहिलेली फिल्म दिसली तर ती नायट्रेट असू शकते. ती झटकन पेट घेते. स्कॅनरच्या दिव्याखाली मुळीच ठेवू नकोस, वेगळी काढून मला कळव.

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात कुठवर शिरलं ते तू पाहिलंयस. असं पुन्हा कधीही होऊ शकतं, म्हणून एक काच चार रात्री घोळवण्यापेक्षा सगळा डबा एकदा नीट पार पाड. दिवाळीला येताना दोन हार्ड डिस्क आण. एक माझ्याकडे राहील, एक तुझ्याकडे.

तुझी,
आत्या