नामिबियात फिरताना उजेडाचा हिशेब

सप्टेंबर २०२२मध्ये आठ चित्ते कुनोला उतरले आणि नामिबिया हे नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं. तेव्हापासून ‘तिथे म्हणे स्वतः गाडी चालवत फिरता येतं?’ असं कुणी ना कुणी विचारतंच. येतं, आणि तसंच फिरावं. महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा देश, माणसं जेमतेम तीस लाख. पाहण्यासारख्या जागी बस-रेल्वे पोचत नाही, त्यामुळे भाड्याची गाडी हीच खरी सोय. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने, म्हणून हात लवकर बसतो. बाकीचं मात्र तिथे शिकावं लागतं. त्यातलं कामाचं तेवढं इथे मांडतो.

१. दिवस उजेडाएवढाच धरा

नामिबियाचा चांगला हंगाम मे ते ऑक्टोबर. त्यातही जून-जुलैत राजधानी विंडहूकला सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि सव्वासहाला मावळतो. गावाबाहेर अंधारात गाडी चालवायची नाही, हा तिथला पहिला नियम. कुडू, ओरिक्स, रानडुकरं, मोकाट गाढवं, काहीही रस्त्यावर येतं. पूर्ण वाढलेला कुडू नर अडीचशे किलोंच्या घरात जातो आणि दिव्यांनी बिचकून थेट गाडीवर उडी घेऊ शकतो. शिवाय भाड्याच्या गाड्यांचा विमा अनेकदा रात्रीचा अपघात मानतच नाही.

म्हणजे हाती उरतात दहा-अकरा तास. त्यातून न्याहारी, सामान आवरणं, फोटोंचे थांबे वजा करा. विंडहूक ते सेसरीम, म्हणजे सोसुसव्लेच्या लाल टेकड्यांचं फाटक, हे साधारण साडेतीनशे किलोमीटर अंतर महामार्गाच्या हिशेबाने चार तासांचं वाटतं. खडीच्या रस्त्याने पाच-सहा तास सहज जातात. मुक्काम ठरवताना दोन ठिकाणांमधले किलोमीटर नंतर बघा, आधी तिथे चार वाजेपर्यंत पोचतो का ते बघा.

२. रस्त्याचं अक्षर वाचा

नकाशावर ‘बी’ म्हणजे बहुतेक डांबरी. ‘सी’ आणि ‘डी’ म्हणजे बव्हंशी खडी-मुरमाचे. हे रस्ते रुंद, सरळ आणि रिकामे असतात, आणि धोका त्यातच आहे. कायद्याने खडीवर १००चा वेग चालतो, पण काटा ८०च्या पुढे जाऊ देऊ नये. वळणावर साठच्याही खाली यावं. पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्यांवरून गाडी नुसती तरंगत असते. कडेच्या मऊ वाळूत चाक गेलं की माणूस घाबरून स्टिअरिंग झटकतो, आणि समोर कुणी नसतानाही गाडी उलटते. अशा वेळी ब्रेक दाबू नका, अ‍ॅक्सिलरेटर सोडा, गाडी आपोआप मंदावू द्या.

गाडी ताब्यात घेताना घाई करू नका. डांबर, खडी आणि वाळू यांसाठी टायरमध्ये हवा किती ठेवायची, हे एजन्सीच्या माणसाकडून कागदावर लिहून घ्या. स्टेपन्या दोन मागा, हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर मागा. जॅक कुठे लावायचा ते त्याच्याच अंगणात करून बघा. विम्यात टायर, काच, गाडीचा तळ आणि दुसरं वाहन नसताना गाडी उलटणं, या चार गोष्टी धरल्या आहेत का ते विचारा. स्वस्त विम्यातून बहुधा नेमक्या याच वगळलेल्या असतात.

३. पंप दिसला की टाकी भरा

टाकी अर्धी असली तरी भरा. पुढच्या गावातला पंप चालू असेलच असं नाही, आणि पुढचं गाव शंभर-दीडशे किलोमीटरवर असू शकतं. सेसरीमच्या वाटेवरचं सॉलिटेअर म्हणजे एक पंप, एक बेकरी आणि गंजलेल्या जुन्या मोटारी. तिथला अ‍ॅपल पाय देशभर प्रसिद्ध आहे. टाकी भरेपर्यंत तो खाऊन घ्यावा. पंपावर मुलगा तेल भरतो, काच पुसतो. त्याला थोडी टीप द्यायची पद्धत आहे. कार्ड चाललं नाही तर अडायला नको म्हणून रोख जवळ हवी. नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड यांचं मोल एकच, आणि नामिबियात रँडही घेतात. उलट मात्र होत नाही, म्हणून परतीला जोहान्सबर्गला थांबणार असाल तर उरलेले नामिबियन डॉलर आधीच संपवा.

४. सोसुसव्लेला एक तास विकत घ्या

लाल टेकड्यांच्या या भागाला सेसरीमला दोन फाटकं आहेत. बाहेरचं सूर्योदयाला उघडतं. आतलं, उद्यानात मुक्काम करणाऱ्यांसाठी, तासभर आधी. आतली राहण्याची जागा महाग पडते, पण त्या तासाचीच ती किंमत आहे. फाटकापासून साठ किलोमीटर डांबरी रस्ता आहे. शेवटचे पाचेक किलोमीटर खोल वाळूचे. वाळूत चालवायची सवय नसेल तर गाडी डांबर संपतं तिथे ठेवा आणि तिथली जीप घ्या. रुतलेली गाडी काढण्यात सकाळ जाते.

बहुतेक जण पंचेचाळीसाव्या किलोमीटरच्या ‘ड्यून ४५’वर चढण्यात दम खर्च करतात. आधी सरळ डेडव्लेला जावं. कित्येक शतकांपूर्वी वाळलेली बाभळीच्या जातीची झाडं त्या पांढऱ्या तळावर अजून उभी आहेत, कारण हवा इतकी कोरडी की लाकूड कुजतच नाही. सकाळी मागच्या टेकडीवर ऊन असतं आणि झाडं सावलीत असतात; फोटो तेव्हाच. झाडांना टेकू नका, फांदीला हात लावू नका. पायात बंद बूट हवेत. उन्हाळ्यात दहानंतर वाळू चटके देते.

५. एटोशात गाडी बंद करायला शिका

बावीस हजार चौरस किलोमीटरचं उद्यान, आणि आपल्याकडच्यासारखा गाइड-जिप्सीचा नियम नाही. स्वतःच्या गाडीने फिरायचं, वेग साठच्या आत. त्यामुळे वाघामागे धावण्याची ताडोब्याची सवय इथेही उसळते. इथे तिचा उपयोग नाही. कोरड्या महिन्यांत पाणी मोजक्या पाणवठ्यांवरच असतं. प्राण्यांना तिथे यावंच लागतं. एक पाणवठा निवडा, इंजिन बंद करा, दोन तास बसा. आधी स्प्रिंगबॉक, मग झेब्रे, मग ओरिक्स, आणि हत्ती आले की बाकीचे मागे सरकतात. पाण्यावरचा तो मानपान बघण्यात सिंहाची आठवणही राहत नाही.

कुंपण घातलेल्या प्रसाधनगृहांखेरीज कुठेही गाडीतून उतरायचं नाही. सूर्यास्ताला उद्यानाची फाटकं बंद होतात, म्हणून मुक्काम आतल्याच ओकाकुयो किंवा हलालीच्या छावणीत करा. तिथल्या पाणवठ्यांवर रात्रभर मंद दिवे असतात. संध्याकाळी जेवण लवकर उरका आणि घोंगडी घेऊन बाकावर जा. काळा गेंडा बहुधा उशिरा येतो.

६. लोकरीचे कपडे न्या

वाळवंट म्हणून सुती कपडे भरणाऱ्यांना जुलैतली पहाट धडा शिकवते. आतल्या पठारावर पारा शून्याजवळ जातो आणि गाडीच्या टपावरच्या तंबूत तो चांगलाच जाणवतो. स्वाकोपमुंडची गोष्ट वेगळीच. समोर अटलांटिक, मागे वाळवंट, आणि दुपारीही स्वेटर. दक्षिणेकडून येणारा बेंग्वेला हा थंड प्रवाह किनारा गार ठेवतो, त्यामुळे पाऊस जवळजवळ नाही, धुकं मात्र भरपूर. वाळवंट झालं ते त्यामुळेच, आणि त्यातलं बरंच जीवन तगतं तेही या धुक्यावरच. सकाळच्या धुक्यात किनाऱ्याच्या रस्त्यावर हेडलाइट लावून चालवा.

७. शिधा शहरात भरा

विंडहूक आणि स्वाकोपमुंडची सुपरमार्केटं उत्तम आहेत. डाळ, तांदूळ, भाज्या, दही सगळं मिळतं. मसाले घरून न्या. पुढे लॉजवर शाकाहारी माणसाची सोय होते, पण आधी कळवलं तर. मांस खाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना जनावरांच्या रोगांच्या तपासणी नाक्यावर कच्चं मांस काढून घेतात. उत्तरेत महांगू मागा. ती आपली बाजरीच. फक्त भाकरी न करता घट्ट उकडून रश्शाबरोबर खातात.

शहरांत नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. विंडहूक तर १९६८पासून सांडपाणी शुद्ध करून पिण्यासाठी वापरतं. रस्त्यावर मात्र गाडीत माणशी पाच लिटर पाणी असलंच पाहिजे.

८. आधी नमस्कार, मग प्रश्न

काच खाली करून एकदम ‘रस्ता कुठला?’ विचारणं तिथे उद्धट मानतात. आधी ‘हॅलो, कसे आहात?’, उत्तर ऐकायचं, मग कामाचं. इंग्रजी सगळीकडे चालतं. हिंबा लोकांच्या वस्तीत जायचं तर स्थानिक वाटाड्या घेऊन जा आणि कॅमेरा काढण्याआधी विचारा. हेरेरो आणि नामा लोकांचा १९०४ ते १९०८ या काळात जर्मन वसाहती सैन्याने केलेला संहार तिथल्या घराघरांत अजून बोलला जातो. स्वाकोपमुंडच्या जर्मन इमारती बघताना तेवढं माहीत असावं.

९. कागद आणि प्लग

व्हिसाचे नियम बदलत असतात. दिल्लीतल्या नामिबियाच्या उच्चायुक्तालयाकडून ताजी माहिती घ्या. आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. तो वर्षभर चालतो, मूळ परवानाही बरोबर ठेवा. अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाणार असाल तर पीतज्वराच्या लशीचा नियम तपासा. उत्तरेत जाणार असाल तर हिवतापाबद्दल डॉक्टरांशी बोला. विजेचा अ‍ॅडॉप्टर शोधत बसू नका: आपल्याकडचा गीझरचा मोठा तीन पिनांचा प्लग तिथे बसतो. तसा प्लग लावलेला एक एक्स्टेन्शन बोर्ड नेला की काम झालं.

१०. पहिल्या खेपेला एकच फेरी

विंडहूक, सेसरीम, स्वाकोपमुंड, एटोशा आणि परत विंडहूक. दोन आठवड्यांत ही फेरी निवांत होते. फिश रिव्हर कॅन्यन दक्षिण टोकाला, झांबेझीचा पट्टा ईशान्य टोकाला. दोन्ही सुंदर, दोन्ही पुढच्या खेपेला. यादीत एक नाव वाढलं की दुसऱ्या ठिकाणची सकाळ कमी होते, आणि नामिबियात बघण्याजोगं बरंचसं सकाळीच दिसतं. हिशेब जुळत नसेल तर ठिकाण गाळा. वेग वाढवून तो जुळवायला जाऊ नका.