जीप गेली, मोटार आली

आमची जुनी जीप विकून आम्ही नुकतीच घरच्यांसाठी बुटकी, रुंद मोटार घेतली. आजोबा हळहळले, "शेतातल्या चिखलातून ही निघेल का?" शंका रास्त आहे. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी घडलेल्या जीपचे बळ तिच्या उंच पोटात आणि चारही चाकांना मिळणाऱ्या शक्तीत आहे. पण छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला जाताना दौलताबादचा घाट लागतो. तिथल्या वळणांवर तीच उंची महागात पडते. ते कसे?

वळताना रस्त्याचे घर्षण चाकांना आत ढकलते. हे बल जमिनीलगत लागते. गुरुत्वमध्य मात्र वर असतो. म्हणून गाडी बाहेर कलू पाहते आणि तिचे वजन तिला सावरते. डाव्या-उजव्या चाकांतील निम्म्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा. या भागाकाराला आपण स्थैर्यांक म्हणू. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक सुमारे ०.८ असतो. स्थैर्यांक त्याहून कमी असेल, तर भरधाव गाडी घसरण्याआधीच उलटते.

समजा, जीपचे निम्मे अंतर ६० सेंमी आणि उंची ७० सेंमी. स्थैर्यांक ०.८६, जेमतेम पास! टपावर सामान लादून उंची ८० सेंमी झाली, की ०.७५, नापास! मोटारीचे आकडे ७५ व ५५ धरले, तर १.३६.

पाटावर पॉलिशपेपर चिकटवून दोन काड्यापेट्या ठेवा, एक उभी, एक आडवी. पाट हळूहळू तिरका करा. आधी कोणती पडते?

मात्र मोटारीच्या टपावरही बोजा नको. आणि वळणाआधी वेग निम्मा करा. उलटवणारे बल एक चतुर्थांश होते.